वायर येईपर्यंत

आमच्या फाटकावर एक पाटी होती. पांढऱ्या दगडावर निळ्या रंगात, इंग्रजीत आणि कानडीत लिहिलेली: इथे मोबाइलला रेंज येत नाही, एकमेकांशी बोला. ज्याने ती लिहून घेतली त्याला मी एकदाच भेटलो होतो, खरेदीच्या कागदांवर सही करताना. पण गेलं वर्षभर त्या पाटीसमोरून जाताना मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. माझ्या बायकोचं बोलणं गेलं होतं, आणि तिला पुन्हा बोलायला शिकवणारी बाई आमच्याकडे रेंजवरूनच यायची.

हे ठिकाण म्हैसूरजवळ, बोगादीच्या पलीकडे आहे. बोगादी आता शहरच झालंय. ती संपली की थोडी शेतं, मग एक तळं, आणि तळ्याच्या काठाने आत गेलं की आम्ही. एके काळी हा रिसॉर्ट होता. लाल कौलांच्या वीसेक कॉटेज, मधे पोहायचा हौद, एक जेवणघर. धंदा चालला नाही. मालकाने एकेक कॉटेज विकली आणि तो चालता झाला. घेणारे आमच्यासारखेच, कामातून मोकळे झालेले आणि शहराच्या आवाजाला विटलेले. काही जण बाराही महिने राहतात, काही जण एखादी खोली शनिवार-रविवारी पाहुण्यांना देतात. मालक गेला तरी रिसॉर्टच्या सवयी मात्र आम्हाला चिकटून राहिल्या. पाहुणा येणार म्हटलं की आजही सगळे जण आधी अंगण झाडतात आणि चपला आत घेतात.

आमचं म्हैसुरात शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. आमचे पूर्वज इथल्या फौजेत घोडदळात होते असं घरात सांगतात. घोड्यावरून उतरले ते आम्ही शिलाई मशीनवर बसलो, असं माझी बायको गिऱ्हाइकांना सांगायची आणि स्वतःच हसायची. मी मागे कापड बेतायचो, ती पुढे गल्ल्यावर. कोल्हापूरकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. पण बघता बघता ती गिऱ्हाइकाला कानडीत पटवायला लागली, कारागिरांना उर्दूत दटावायला लागली, आणि मला मराठीत ऐकवायला तर ती पहिल्यापासूनच तयार होती. माझ्या वाट्याचं बोलणंही तीच बोलायची. नातेवाईक म्हणायचे, याच्या तोंडात तीळ भिजत नाही असं नाही, याच्या तोंडात तीळच नाही. मला ते बरं वाटायचं. घरात एक जण बोलत असला की दुसऱ्याने कशाला तोंड शिणवायचं?

मग एका सकाळी तिच्या हातून चहाचा कप निसटला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. दवाखाना झाला, औषधं झाली. उजवा पाय पुष्कळसा परत आला, हात थोडा आला. बोलणं आलं नाही. उरला एकच शब्द: "तेच." पाणी हवं असलं तरी तेच, भूक लागली तरी तेच, माझा राग आला तरी तेच. कधीमधी धडा घेताना एखादा दुसरा शब्द सापडायचा, पाणी किंवा भात, आणि लगेच हरवायचा. कानडी तर पुरतीच गेली. नर्स कानडीत काही विचारायची तेव्हा ही माझ्याकडे अशी बघायची की मला आमच्या लग्नानंतरचे पहिले दिवस आठवायचे. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. आणि दाराशी जाताना म्हणाले, "जे काही परत यायचं त्यातलं बरंचसं पहिल्या महिन्यांत येतं. वेळ दवडू नका."

हे वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. जेवताना, पाणी तापवताना, तिची नखं कापताना ते माझ्या कानात वाजत राहायचं. वेळ दवडू नका.

म्हैसुरात अशा उपचारांची चांगली सोय आहे. पहिली मुलगी जी मिळाली ती फार प्रेमाने शिकवायची, पण कानडीत. थोड्या दिवसांनी तीच म्हणाली की आंटींना मराठीतून शिकवणारं कुणी मिळालं तर बरं, आणि तिनेच पुण्यातली एक बाई शोधून दिली. ती व्हिडिओवर शिकवते. रोज सकाळी, अर्धा तास. बाई म्हणण्याइतकी मोठीही नाही, माझ्या मुलीच्या वयाची असेल, जर आम्हाला मुलगी असती तर. पहिल्याच दिवशी तिने मला काका केलं आणि हिला काकू.

तिची पद्धत साधी होती. एखादी वस्तू दाखवायची, त्या शब्दाचा पहिला आवाज स्वतः काढायचा, "पा…" आणि थांबायचं. उरलेलं काकूंनी म्हणायचं. तिच्या ओठांकडे बघून, तसेच ओठ करून. "थांबणं हेच आमचं खरं काम आहे काका," ती म्हणायची. "तुम्ही मधे बोलू नका." मला मधे बोलू नका असं सांगणारी ती आयुष्यातली पहिली व्यक्ती.

आता हे घरात बसून होण्यासारखं नव्हतं, कारण घरात रेंज नव्हती. सगळ्या वसाहतीत रेंज लागायची ती एकाच जागी, कोरड्या पडलेल्या हौदाच्या कोपऱ्यात, जिथे पूर्वी पोरं उडी मारायची. तिथे मी रोज खुर्ची नेऊन ठेवायचो. मदतीला येणारी बाई एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून हिला तिथपर्यंत चालवत न्यायचो. स्टुलावर टॅब उभा करायचा, आणि मग वाट बघायची. पुण्याची बाई यायची, "नमस्कार काकू" म्हणायची, आणि बहुधा तिथेच थिजायची. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला. मधे ते गोल गोल फिरणारं चक्र. मग आवाज यायचा पण ओठ हलायचे नाहीत, किंवा ओठ "भा" म्हणायचे आणि आवाज "पा" चा यायचा. धडधाकट माणसाला हे चालतं. जिला ओठ बघून बोलायला शिकायचंय तिचं काय? ही त्या थिजलेल्या तोंडाकडे बघून आपलंही तोंड उघडायची आणि तशीच बसून राहायची. ही अडली आहे की नेट अडलंय, ते कुणालाच कळायचं नाही. तिकडून बाई विचारायची, "काकू, ऐकू येतंय का? नेट गेलं वाटतं." आणि मी हो हो म्हणत टॅब डोक्यावर धरून हौदाच्या काठाने फिरायचो. अर्धा तास असाच जायचा. ही दमायची. परत येताना मी हिशोब करत बसायचो की आजच्या दिवसात किती शब्द परत येऊ शकले असते.

काय काय नाही केलं! दुसरं सिम घेतलं, तिसरं घेतलं. छपरावर लावायचं एक यंत्र आणलं, त्याने फक्त कावळ्यांची सोय झाली. माझा धाकटा भाऊ म्हैसुरातच, विजयनगरला राहतो. त्याच्याकडे नेट छान आहे. तो म्हणाला, "अण्णा, सुम्ने, उगाच हट्ट कशाला करता? इकडंच येऊन राहा की. वहिनीला आम्ही वरती उचलून नेतो. स्वल्प अडजस्ट करू, आयतु, झालं." घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तरी गेलो. ही दिवसभर दाराकडे तोंड करून बसायची आणि रडत तेच, तेच म्हणायची. धड्याच्या वेळी डोळे मिटून घ्यायची. भाऊच शेवटी म्हणाला, "अण्णा, बेडा, नको हे. वहिनीला घरी घेऊन जा." रोज गाडीतून नेऊन आणायचंही करून पाहिलं. पोचेपर्यंत ही इतकी थकलेली असायची की धडा सुरू झाला की घोरायला लागायची.

म्हणजे नेटच घरी यायला हवं होतं. तळ्याच्या वळणापर्यंत एका कंपनीची फायबरची केबल आलेली होती. तिथून आमचं फाटक दिसतं. कंपनीला फोन केला तर उत्तर सरळ होतं: आत बारमाही राहणारी पुरेशी घरं असतील तर चर खणून केबल आणू, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी आणणार नाही. तुमच्या सोसायटीला अर्ज करायला सांगा.

सोसायटी म्हणजे जेवणघरात महिन्यातून एकदा भरणारी आमची सभा. अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. म्हैसूरचे जुने रहिवासी, कानडी बोलणं लोण्यासारखं, कुणाला कधी दुखवणार नाहीत. मी विषय काढल्यावर कुजबुज झाली. एक जण म्हणाले, पाहुणे इथे येतात तेच मुळी रेंज नाही म्हणून. दुसऱ्या म्हणाल्या, नेट आलं की पोरं येणार, पोरं आली की गाणी लागणार. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "नोडोणा."

नोडोणा म्हणजे बघू या. आणि म्हैसुरात बघू या म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणणं इथे वाईट दिसतं, म्हणून माणसं आयुष्यभर बघत राहतात. दुकानात असताना एखादा नोडोणा म्हणाला की मी हिला हाक मारायचो. ही बाहेर येऊन दोन मिनिटांत त्याच्याकडून हो नाहीतर नाही काढून घ्यायची. त्या दिवशी मी सवयीने बाजूला पाहिलं. बाजूला रिकामी खुर्ची होती.

मग मीच उभा राहिलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. आवाज चढला होता एवढं खरं, कारण भटारखान्यातला माणूस हात पुसत बाहेर आला. मी म्हणालो की तुमच्या पाटीवर एकमेकांशी बोला असं लिहिलंय, माझ्या घरात बोलायचं कुणी सांगा. मी म्हणालो की तुम्ही बघत बसा, तोवर तिचे महिने संपतील. अध्यक्षांचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. अर्ज करू." मी खाली बसलो.

अर्ज गेला. कंपनीचा माणूस पाहणीला येणार असं कळलं. आणि इथे आमच्या लोकांनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्याही वस्तीने केलं नसतं.

आमच्याकडे शांत वेळ म्हणून एक प्रकार आहे. रिसॉर्टच्या काळापासूनचा. दुपारच्या जेवणानंतर फाटकावरचा म्हातारा पहारेकरी हौदाजवळची घंटा वाजवतो. ती वाजली की चार वाजेपर्यंत बाहेर कुणी दिसायचं नाही. पडदे ओढायचे, कुत्री आत घ्यायची, गाडी सुरू करायची नाही, कुणाचं दार वाजवायचं नाही. पाहुण्यांसाठी सुरू झालेलं हे व्रत आम्ही स्वतःच इतकं मनापासून पाळतो की पुणेकरांनी आमच्याकडे शिकवणी लावावी. अध्यक्षांनी सगळ्यांना निरोप दिला: कंपनीचे पाहुणे येणार आहेत, आपली जागा चांगली दिसली पाहिजे. झालं! लोकांनी अंगणं झाडली, ओट्यावरच्या चपला आत गेल्या, मागच्या दोऱ्यांवरचे कपडे निघाले, कुणीतरी नातवंडांच्या सायकलीसुद्धा जेवणघरामागे लपवल्या. माणूस चार वाजता येईल असा सगळ्यांनी आपला समज करून घेतला, कारण आमच्याकडे शहाणा माणूस चारच्या आधी येतच नाही.

तो घंटा वाजल्यावर लगेच आला. पहारेकऱ्याने त्याला मोटरसायकल फाटकाबाहेर लावायला सांगितली, ओठांवर बोट ठेवलं आणि आत सोडलं. तो बिचारा पावलं न वाजवता सगळीकडे फिरला. पडदे ओढलेले, दारं बंद, दोरीवर एक रुमाल नाही. कुणाचं दार वाजवू नये अशी पाटी. मी आत हिच्या उशाशी बसलो होतो. ही झोपली होती आणि मी घड्याळाकडे बघत होतो. बटाट्याची भजी करायची की नुसता चहा द्यायचा, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता.

चारला बाहेर आलो तर अंगणाअंगणात माणसं इस्त्रीच्या कपड्यांत उभी. पाच वाजले. शेवटी अध्यक्षांनी पहारेकऱ्याला विचारलं. तो अभिमानाने म्हणाला, "येऊन गेले ना स्वामी! पान हललं नाही की त्यांच्यासमोर. फार खूश होऊन गेले."

कंपनीचं उत्तर आलं: वस्ती नाही, घरं बंद आहेत.

मी भावाला घेऊन विजयनगरच्या त्यांच्या कचेरीत गेलो. तिथला अधिकारी तरुण होता, नम्र होता. म्हणाला, "सर, आमच्या माणसाला तिथे एक माणूस दिसला, तोही फाटकावर." मी सांगितलं की ती आमची झोपायची वेळ होती. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. भावाने कानडीत बरीच गोड बोलणी केली, आणि शेवटी पुन्हा एकदा माणूस पाठवायचं ठरलं. यावेळीही वस्ती दिसली नाही तर पुढच्या वर्षी बघू, असं तो म्हणाला. परत येताना गाडीत भाऊ म्हणाला, "अण्णा, येल्ला सरी होईल, सगळं ठीक होईल."  पुढच्या वर्षी म्हणजे कोणत्या महिन्यांत? मी काच खाली केली.

दुसऱ्या दिवशी धड्याच्या वेळी अध्यक्ष हौदाकडे आले. बहुधा माझी माफी मागायला. मी त्यांना खुणेने थांबा म्हटलं, कारण त्या दिवशी चित्र जरा बरं चाललं होतं. पुण्याच्या बाईने पाण्याचा पेला दाखवला. "पा…" हिने ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. कपाळावर घाम आला. चित्र थिजलं. आवाज गेला. हिला ते कळलं नाही. ही त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघत खूप झगडली आणि शेवटी म्हणाली, "पाणी." ऐकायला तिकडे कुणी नव्हतं. चक्र फिरत होतं. ही वाट बघत राहिली, शाबास काकू ऐकायची. मग पुन्हा म्हणायला गेली आणि तोंडातून तेच आलं. तेच, तेच. मी शाबास म्हटलं, खूप मोठ्याने म्हटलं, पण तिला माझी शाबासकी नको होती.

 मग अध्यक्षांनी हिला एका बाजूने धरलं आणि आम्ही तिला घरी आणलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. मी आयुष्यभर कपड्यांत काढलेला माणूस, मला सुचणार ते कपड्यांतलंच. म्हटलं, घर राहतं आहे हे दुरून कशावरून कळतं? दोरीवरच्या कपड्यांवरून. पाहणीच्या दिवशी प्रत्येकाने घरासमोर कपडे वाळत घालायचे. मागे नाही, पुढे. आणि घंटा वाजवायची नाही. अध्यक्षांच्या बायकोने कपाळाला हात लावला. घरासमोर कपडे न दिसणं हा आमच्या वसाहतीचा सगळ्यात कडक नियम, आणि तो लिहिला होता अध्यक्षांनीच. मी वाट बघत होतो नोडोणाची. ते म्हणाले, "पहिली दोरी माझ्या दारात बांधा."

त्या दिवशी सकाळपासून आमच्या वसाहतीत जे लटकलं ते सांगण्यासारखं नाही. नऊवारी, पाचवारी, लुंग्या, परकर, दुलया, गंजिफ्रॉक. अध्यक्षांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्ड्या अगदी रस्त्याकडेला. ज्या बाई गाण्यांच्या विरुद्ध होत्या त्यांनी रेडिओ मोठा लावला. सायकली बाहेर आल्या. दुपारी कुणीही झोपलं नाही, आणि त्यामुळे सगळ्यांचे डोळे तारवटलेले. तोच माणूस आला. फाटकातच थबकला. मग हसत हसत सगळ्या दोऱ्यांमधून वाट काढत फिरला, घराघरात चहा प्यायला. माझ्या दारात आला तेव्हा ही ओट्यावर बसली होती. त्याने कानडीत तिची चौकशी केली. ती म्हणाली, "तेच." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. तो म्हणाला, येईल केबल.

येईल म्हणाला, पण यायला वेळ लागला. रस्ता खणायची परवानगी, मग परवानगी मिळाली तर माणसं नाहीत, माणसं आली तर तळ्याकाठी खडक. मी रोज चराच्या टोकाशी जाऊन उभा राहायचो. खणणाऱ्या बायका मला बघून हसायच्या. कधी चर दोन पावलं पुढे आलेला असायचा, कधी जिथल्या तिथे. इकडे हौदाच्या काठी धडे तसेच चालले होते, थिजत, अडखळत. पहिले महिने संपले हे मला कळत होतं. पण त्याचा दोष कुणाचा हेही माहीत होतं, आणि त्याचा मला आधार होता. रेंज नाही म्हणून शब्द नाहीत. केबल आली की सुटेल. मी हे शेजाऱ्यांना सांगायचो, भावाला सांगायचो, आणि झोप येईना की स्वतःला सांगायचो.

केबल आली. एका मुलाने भिंतीवर छोटी पेटी ठोकली, तिच्यात हिरवा दिवा लागला. सगळी वसाहत बघायला आली, अध्यक्षांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिला बैठकीच्या खोलीत, तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं. भावाने मोठा स्क्रीन आणून ठेवला होता. पुण्याची बाई आली, आणि मला पहिल्यांदा कळलं की तिच्या हनुवटीवर तीळ आहे. "काकू! किती स्वच्छ दिसताय तुम्ही! मला तुमच्या मागचं कॅलेंडरसुद्धा वाचता येतंय." मी खूश झालो. तिने कप उचलला. "हा काय आहे काकू? क…"

आणि थांबली.

हिचे ओठ हलले, थांबले.  मी चक्र शोधत होतो. चक्र नव्हतं. बाईच्या मागे पंखा फिरत होता, तिची ओढणी हलत होती, तिने पापणी मिटली, उघडली. सगळं चाललं होतं. तरी मी सवयीने म्हणालो, "नेट गेलं वाटतं."

"नाही काका," ती म्हणाली. "नेट आहे." मग हळू आवाजात म्हणाली, "इतके दिवस मी हा उशीर नेटच्या खात्यात टाकत होते. काकूंना वेळ लागतोय. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त."

 इतके महिने राग काढायला कुणीतरी होतं. पाटी लिहिणारा होता, अध्यक्ष होते, कंपनी होती, खडक होता. आता खोलीत आम्ही दोघं होतो आणि भिंतीवर हिरवा दिवा होता. मी भ्यायलो. दवाखान्यातही इतका भ्यायलो नव्हतो.

"आपण थांबू," बाई म्हणाली. आम्ही थांबलो.

मग माझ्या लक्षात आलं की ही बाईकडे बघतच नाहीये. तिची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात होती. तिथे एक छोटी चौकट होती, आणि तिच्यात ती स्वतः होती. हौदाच्या काठी उन्हात ती चौकट नुसती करडी दिसायची. आता सगळं दिसत होतं. एका बाजूला ओढलेलं तोंड, "क" शोधणारे ओठ, कडेला आलेली लाळ. घरात आरसा आहे, रोज त्याच्यासमोर तिची वेणी घालतात. पण आरशासमोर कुणी बोलत नाही. आपण बोलताना कसे दिसतो ते ती पहिल्यांदा बघत होती. गल्ल्यावर उभं राहून अख्ख्या बाजाराशी बोललेली माझी बायको.

"बंद," ती म्हणाली. बराच वेळ गेला. ओठ हलत होते. "करा."

तिकडे बाईने टाळ्याच वाजवल्या. "काकू! दोन शब्द! जोडून! काका, ऐकलंत?" ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. "पूर्ण वाक्य आहे हे! काकू, काय बंद करू, सांगा बरं?"

काय बंद करायचं ते मला कळलं होतं. ती चौकट घालवायचं एखादं बटण असेलही, पण मला ते येत नव्हतं, आणि हिच्यासमोर ते विचारायचं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली, हात लांब केला आणि स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर तळहात ठेवला.

हिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग बाईकडे पाहिलं. बाईने पुन्हा कप उचलला. हिचे ओठ पुन्हा "क" शोधायला लागले, आणि या वेळी कुणीच काही बोललं नाही. धडा संपेपर्यंत मी हात तिथून काढला नाही.